पेट्रोल कॉक गळतोय? आधी गळतंय कुठून ते बघा

जुन्या मोटरसायकलच्या टाकीखालचा पेट्रोल कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, ओला दिसला की बहुतेक गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, "कॉक बदलून टाकू." नवा कॉक बसतो, महिना-दोन महिने सगळं कोरडं राहतं आणि मग पुन्हा पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागतो. कारण कॉकचं धातूचं अंग सहसा खराब होत नाही. खराब होतात ती आतली रबरं, आणि ती खराब करतो टाकीतला गंज. बाजारात मिळणारे बरेच डुप्लिकेट कॉक तुमच्या जुन्या मूळ कॉकपेक्षा दर्जाने हलके असतात, हेही लक्षात घ्या. म्हणून हातातला कॉक फेकण्याआधी तो उघडून बघावा, या मताचा मी आहे. काम अर्ध्या दिवसाचं आहे, हत्यारं घरातली चालतात. घाई मात्र चालत नाही, कारण मामला पेट्रोलचा आहे.

हा लेख कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे: बुलेट, येझदी, राजदूत, आरएक्स १००, सीडी १००, जुनी स्प्लेंडर, बॉक्सर आणि त्यांची भावंडं. एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम लागू झाल्यावर आलेल्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये टाकीतच दाबाने पेट्रोल ढकलणारा पंप असतो. तिथे यातलं काहीही लागू पडत नाही.

कॉकच्या आत काय असतं

टाकीत वर गेलेल्या दोन वाटा असतात. एक उंच नळी, ती "मेन"ची. दुसरी नळी बुटकी, किंवा तळाशी नुसतंच भोक, ती "रिझर्व्ह"ची. पेट्रोलची पातळी उंच नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी गचके खाते आणि आपण म्हणतो, गाडी रिझर्व्हला लागली. रिझर्व्हची वेगळी टाकी वगैरे काही नसतं. उंच नळीला न पोचणारं तळाचं पेट्रोल म्हणजे रिझर्व्ह.

या दोन वाटा आणि कार्बोरेटरकडे जाणारी तिसरी वाट, तिन्ही एका गोल खोबणीत उघडतात. त्या खोबणीत भोकं असलेली रबराची जाड चकती बसते. बऱ्याच कॉकमध्ये तिला चार भोकं असतात, त्यातलं एखादं नुसतंच जागेवर बसण्यासाठी. या चकतीवर लिव्हरची पाठ टेकते. लिव्हरच्या पाठीला एक खोलगट खाच असते, ती दोन भोकं एकमेकांना जोडते. "ऑन"ला मेनचं भोक कार्बोरेटरच्या भोकाशी जोडलं जातं, "रिझर्व्ह"ला तळाचं. "ऑफ"ला लिव्हरचा सपाट भाग भोकांवर येतो आणि वाट बंद होते. लिव्हर रबरावर दाबून धरायला त्याच्या डोक्यावर लाटेसारखा वाकवलेला पातळ स्प्रिंग वॉशर असतो, आणि वरून दोन बारीक स्क्रूंनी घट्ट केलेली पत्र्याची पट्टी. लिव्हरच्या कडेला बहुधा एक ओ-रिंग, म्हणजे रबराची बारीक कडी, असते, पेट्रोल बाहेर येऊ नये म्हणून.

ही रचना डोळ्यांसमोर असली की पुढचं सगळं सोपं जातं. चकती गेली तर पेट्रोल आतल्या आत, बंद असतानाही कार्बोरेटरकडे जातं. ओ-रिंग गेली तर लिव्हरच्या कडेने बाहेर झिरपतं. दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

गळती शोधणे

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पेट्रोल धातूवरून पातळ थराने खाली ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणजे थेंब जिथे दिसतो तिथे गळती असतेच असं नाही. पाइपच्या टोकाला थेंब दिसतो म्हणून पाइप बदलला जातो, आणि पेट्रोल येत असतं वर टाकीच्या सांध्यातून.

इंजिन पूर्ण थंड असताना कॉक फडक्याने कोरडा पुसा. जुन्या टूथब्रशने चिखल-तेल काढा, पुन्हा पुसा. मग टाल्कम पावडरचा हलका थर कॉकवर आणि टाकीच्या सांध्यावर भुरभुरवा. दहा-पंधरा मिनिटांत पावडर जिथे पहिल्यांदा ओली होईल, ती जागा खरी. येझदी, राजदूतसारख्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळाव्या लागणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांवर हे आणखी सोपं असतं, कारण पेट्रोल उडून जातं पण ऑइलचा ओघळ मागे राहतो. इतर गाड्यांवरही जुन्या गळतीच्या जागी तपकिरी, चिकट डाग दिसतो.

ओल टाकी आणि कॉक यांच्या सांध्यात असेल, तर टाकीकडची ओ-रिंग किंवा गॅस्केट गेलं आहे, किंवा बोल्टखालचे वॉशर. लिव्हरच्या भोवती असेल, तर लिव्हरची ओ-रिंग किंवा दमलेला स्प्रिंग वॉशर. काही कॉकखाली कचरा साठायची छोटी वाटी असते. तिच्या गळ्याशी ओल असेल तर तिथली रिंग. पाइप चढतो त्या नळीवर असेल, तर पाइप कडक झाला आहे किंवा क्लिप सैल आहे. यातलं शेवटचं दुखणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा सापडणारं. पाइपचं टोक सेंटीमीटरभर कापून पुन्हा चढवलं की कित्येकदा काम तिथेच संपतं.

पाचवी गळती बाहेर दिसत नाही. कॉक "ऑफ" आहे, तरी कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकतं. इथे दोघे दोषी असतात: कॉक बंद होत नाही आणि कार्बोरेटरमधली फ्लोटची नीडल (पेट्रोल पुरेसं भरलं की वाट बंद करणारी सुई) पेट्रोल अडवत नाही. गंमत अशी की नीडल ठीक असेपर्यंत कॉकचा दोष वर्षानुवर्षं झाकलेला राहतो. तपासायचं कसं? लिव्हर "ऑफ" करा, पाइप कार्बोरेटरकडून काढा, त्याचं टोक छोट्या धातूच्या डब्यात सोडा आणि समोर थांबून अर्धा तास बघा. पाइपमधलं उरलेलं पेट्रोल निथळल्यावर एकही थेंब पडता कामा नये. पडत असेल तर आतली चकती गेली आहे.

या छुप्या गळतीला हलक्यात घेऊ नका. ओव्हरफ्लोची नळी चोंदलेली असेल तर पेट्रोल इंजिनात उतरतं. फोर-स्ट्रोक गाडीत ते पिस्टनच्या कडेने खाली जाऊन इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर कॉक दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत गाडीला किक मारू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं संरक्षण करत नाही. टू-स्ट्रोकमध्ये हेच पेट्रोल क्रँककेसमध्ये साचतं. गाडी सुरूच होत नाही आणि प्लग काढला तर ओला निघतो.

उघडण्याआधी

पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वर उडून जाण्याऐवजी ती फरशीवरून सरकत जाते. म्हणून हे काम बंद गॅरेजमध्ये, जिन्याखाली किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत करायचं नाही. उघड्यावर, सावलीत, वारा खेळता असेल तिथे गाडी घ्या. जवळपास गॅस, देवघरातला दिवा, उदबत्ती, फ्रिज, चालू ड्रिल, काहीही नको. सिगारेट ओढणाऱ्या मित्राला मदतीला बोलावू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. कोरड्या पावडरचं अग्निशामक नळकांडं असेल तर उत्तम, नाहीतर बादलीभर कोरडी वाळू हाताशी ठेवा. पाणी नको, पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं.

हत्यारं फार लागत नाहीत. दहाचा पाना किंवा गोटी, मोठ्या नटाचा कॉक असेल तर त्या मापाचा पाना, चांगल्या टोकाचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टूथब्रश, वॉटर पेपर, काचेचा सपाट तुकडा, झाकणाचा धातूचा डबा आणि भरपूर सुती फडकी. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत काढायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. ती मोडा. बाटली लवंडते, झाकण नीट बसत नाही, आणि घरातलं कुणीतरी ती उचलून तोंडाला लावू शकतं.

हातमोजे नायट्राइलचे असतील तर वापरा. डोळ्यांना चष्मा हवाच. टाकीखाली मान वर करून काम करताना पहिला थेंब नेमका डोळ्याकडे येतो.

टाकी रिकामी करणे आणि उतरवणे

शक्यतो टाकीत पेट्रोल कमी असताना हे काम काढा. कार्बोरेटरकडचा पाइप काढून डब्यात सोडा आणि लिव्हर "रिझर्व्ह"ला करा, म्हणजे तळापर्यंतचं पेट्रोल निघेल. "ऑन"ला ठेवलंत तर रिझर्व्हचा साठा आत राहतो आणि कॉक काढताच हातावर येतो. टाकीचं झाकणही उघडा. झाकणाचं हवेचं भोक चोंदलं असेल तर धार मध्येच बारीक होते. झाकण उघडल्यावर ती पुन्हा मोठी झाली, तर भोकही साफ करायचं काम यादीत लिहा.

जुना पाइप हिसक्याने ओढू नका. आधी पकडीने हलकेच पिळून फिरवा. सुटत नसेल तर ब्लेडने उभा चिरा आणि काढा. पाइप नवा मिळतो, कॉकची नळी मोडली तर कॉकच गेला. पाइप चिरताना नळीवर ओरखडा उठवू नका, तिथून पुढे झिरपत राहतं.

सीट काढा, टाकीच्या मागचा बोल्ट किंवा रबराचा पट्टा सोडवा, टाकी थोडी वर करून मागे ओढा. पेट्रोलच्या काट्याची वायर असेल तर आधी तिचा सॉकेट सोडवा. फ्रेमच्या नळीवर स्वार झालेल्या टाकीत दोन्ही बाजूंना पोटं असतात. कॉक एका बाजूला असेल तर दुसऱ्या पोटात थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून टाकी तिरकी करून तेही काढा. मग टाकी जुन्या गोधडीवर आडवी ठेवा, रंगाला चरे नकोत. कॉक टाकी न उतरवताही काढता येतो, पण उतरवलेल्या टाकीवर सांधा नीट दिसतो, पुसता येतो, आणि आतला गंजही बघता येतो. मी तरी उतरवूनच करतो.

कॉक काढणे

दोन पद्धती दिसतात. काही टाक्यांच्या तळाला चपटी जागा असते आणि कॉक दोन बोल्टांनी लागतो. काहींना आटे पाडलेली नळी असते आणि कॉक एका मोठ्या नटाने चढतो. नटाच्या कॉकमध्ये नट फिरवताना कॉकचं अंग दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर आतली उंच नळी फिरते किंवा वाकते. काही गाड्यांत या नटाचे एका टोकाचे आटे उलटे असतात. नट फिरवला की टाकीपासून आणि कॉकपासून एकदमच सुटायला लागतो. तसं दिसलं तर बळजबरी करू नका. बसवताना दोन्हीकडचे आटे एकाच वेळी धरतील असं जुळवावं लागतं.

बोल्टच्या कॉकमध्ये बोल्टखालच्या वॉशरकडे लक्ष द्या. फायबरचे, नायलॉनचे किंवा रबर लावलेले असतात, आणि ते शोभेला नसतात. काही टाक्यांत बोल्टची भोकं थेट टाकीत उघडतात, त्यामुळे पेट्रोल आट्यांमधूनही खाली येतं. तिथे कुणीतरी आधी साधा लोखंडी वॉशर टाकलेला असेल, तर गळतीचं कारण बहुधा तेच.

कॉक बाहेर आला की उंच नळीवरची जाळी बघा. फाटली असेल तर कचरा आत जातो. नळीच तुटून आखूड झाली असेल, तर गाडी "ऑन"वरच शेवटच्या थेंबापर्यंत चालते आणि रिझर्व्ह नावाला उरतं. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर लिव्हर फिरवूनही उपयोग होत नाही, त्याचं हे कारण.

लिव्हर उघडणे

पट्टीचे ते दोन बारीक स्क्रू म्हणजे या कामातली खरी परीक्षा. जपानी बनावटीच्या गाड्यांचे चौफुली स्क्रू आणि आपल्याकडचे साधे स्क्रू ड्रायव्हर यांचं टोक तंतोतंत जुळत नाही. जोर लावला की टोक वर सरकतं आणि खाच गोल होते. आधी गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा. खाचेत घट्ट बसणारं टोक निवडा, ड्रायव्हर सरळ धरून मुठीवर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्या, मग खाली दाबत फिरवा. दाब जास्त, फिरवणं कमी. तरीही नाही सुटला तर इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने फिरणारा), पण कॉक लाकडावर नीट टेकवून. आच द्यायची नाही. हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ब्लो लॅम्प घेऊन बसणारे लोक आहेत.

काही स्वस्त कॉकमध्ये स्क्रूऐवजी रिव्हेट असतात. ते कॉक उघडण्यासाठी बनवलेलेच नसतात; तिथे नवा घेणं शहाणपणाचं.

पट्टी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि प्रत्येक भाग निघेल तसा पांढऱ्या कागदावर रांगेत मांडा: पट्टी, स्प्रिंग वॉशर, लिव्हर, ओ-रिंग, चकती. स्प्रिंग वॉशर उडून जातो, त्यावर बोट ठेवून पट्टी उचला. चकती खोबणीत चिकटलेली असेल तर बोथट सुईने कडेने उचला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढली तर खालच्या धातूला चरा पडतो आणि नवी चकतीही तिथे गळते.

आता चकती बोटाने वाकवून बघा. चांगलं रबर वाकतं आणि परत सरळ होतं. कडक झालेलं तडकतं. भोकांभोवती लिव्हरचा ठसा खोल उमटला असेल, तर ती संपली. वर्षानुवर्षं कॉक "ऑन"वरच ठेवायची सवय असलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं. रबर एका जागी दबून बसतं आणि एक दिवस आपण "ऑफ" करायला जातो तेव्हा त्याची कड फाटते.

धातूचा भाग रॉकेलमध्ये किंवा कार्बोरेटर क्लीनरने टूथब्रश लावून धुवा, वाटांमधून हवा मारा. रबरांवर क्लीनर उडू देऊ नका. लिव्हरची पाठ नखाने चाचपा. बारीक रेघा असतील तर काचेवर १००० नंबरचा वॉटर पेपर ठेवून, थेंबभर तेल टाकून लिव्हर गोल गोल फिरवत घासा. पाठ एकसारखी मंद चमकली की बस. टाकीकडचा कॉकचा चेहराही असाच काचेवर तपासा. बोल्ट जास्त आवळल्याने तो मध्ये फुगलेला, बाजूंना दबलेला असतो आणि मग कितीही नवी ओ-रिंग घाला, गळतं. घासून सपाट करता येतो. पांढरी भुकटी आणि खोल खड्डे दिसले, विशेषतः चकतीच्या खोबणीत, तर मात्र जुन्या कॉकचा मोह सोडा.

रबर कोणतं घ्यायचं

गाडीचं मॉडेल सांगून "कॉक किट" मागा. पूर्ण कॉकच्या मानाने ते बरंच स्वस्त असतं. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं एका ओळीत आहेत, तिथे जुना कॉक पिशवीत घालून घेऊन गेलात तर दुकानदार शेजारी ठेवून माप जुळवून देतो. आधी कॉक कोरडा करा, पेट्रोलचा वास येणारी पिशवी बसमध्ये नको. माप जुळवताना चकतीची जाडी विसरू नका. व्यास बरोबर पण जाडी अर्धा मिलिमीटर कमी असेल, तर लिव्हर दाबच देत नाही.

आता इथेनॉलबद्दल. आपल्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. तुमच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाडीची रबरं या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नव्हती. इथेनॉलमध्ये जुनं रबर फुगतं, आणि टाकी रिकामी राहून सुकलं की आक्रसतं, चिरतं. चालती गाडी दोन-तीन महिने उभी राहिली आणि पेट्रोल भरताच कॉक गळू लागला, ही तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते, तिचं एक कारण हे. शिवाय इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी झाकून ठेवली की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि तळ गंजतो, नेमका कॉकच्या तोंडाशी.

म्हणून ओ-रिंग घेताना शक्य असेल तर व्हायटॉन रबराची मागा. ती इथेनॉल मिश्रित पेट्रोल चांगलं सोसते. साधी नायट्राइलची रिंगही चालते, पण तिची वेळोवेळी पाहणी करावी लागते. नळाच्या दुकानातली पाण्याची रिंग मापाने बसली तरी वापरू नका. ती पेट्रोलमध्ये फुगून बाहेर येते. चकती कुठेच मिळत नसेल, तर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या व्हायटॉन शीटमधून जुनी चकती ठेवून कापता येते. बाहेरची कड धारदार कात्रीने, भोकं चामड्याच्या पंचने. भोक ब्लेडने कापलं तर कड दातेरी होते.

ब्रिटिश बनावटीच्या जुन्या गाड्यांवर ओढायचा-दाबायचा कॉक सापडतो, त्यात रबर नसतं, बुचाचा दट्ट्या असतो. टाकी रिकामी राहिली की बूच सुकून आक्रसतं. ते गरम पाण्यात भिजवलं की पुन्हा फुगतं आणि बऱ्याचदा नवं लागतही नाही.

एम-सील, अरल्डाइट, सिलिकॉन, टेफ्लॉन टेप यांपैकी काहीही कॉकच्या सांध्याला लावू नका. सिलिकॉन पेट्रोलमध्ये मऊ होऊन सुटतं, टेपचे धागे निघतात, आणि दोन्ही थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. मग कॉक गळत नाही, पण गाडीही चालत नाही. रस्त्यात अडकलात आणि सांध्यातून बारीक पाझर असेल, तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी ओली न करता त्या जागी दाबून चोळा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, घरापर्यंत पोचवतो. धार लागली असेल तर साबण नको, टाकी रिकामी करा आणि गाडी ढकला.

टाकीत बघितल्याशिवाय जोडू नका

कॉकच्या भोकातून आणि झाकणातून टॉर्च मारा. टॉर्च बॅटरीची, मोबाइलची नको, बाहेरून धरलेली आणि टाकी पूर्ण निथळल्यावर. तांबूस भुकटी दिसली तर नवी चकती घालून उपयोग नाही. गंजाचा एक कण लिव्हर आणि रबर यांच्यामध्ये अडकला की लिव्हरच्या प्रत्येक फेऱ्यात रबर कापलं जातं. हलका गंज असेल तर थोड्या पेट्रोलने दोन-तीनदा खळखळून काढा. जास्त असेल तर टाकी आधी साबणाच्या पाण्याने धुऊन, पांढरं व्हिनेगर भरून दिवसभर ठेवा, मग पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा आणि उन्हात लगेच पूर्ण वाळवा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होते. वाळल्यावर आतून थोडं ऑइल फिरवा. तळाला छिद्र असेल तर ते कॉकचं काम राहिलं नाही. पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग हे वाफ पूर्ण काढण्याची सोय असलेल्या माणसाचंच काम.

जोडणे

चकती खोबणीत तिच्या खुणांनुसार बसवा, भोकं वाटांवर बरोबर आली पाहिजेत. ओ-रिंगला बोटाला लागेल एवढंच इंजिन ऑइल लावा. साधं ग्रीस नको, पेट्रोल ते धुऊन नेतं. लिव्हर, स्प्रिंग वॉशर, पट्टी. वॉशर दमून सपाट झाला असेल तर हाताने किंचित वाकवून त्याचा बाक वाढवा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा. लिव्हर फिरवायला थोडा जड लागला पाहिजे. सहज घरंगळत असेल तर दाब कमी आहे. दोन बोटांनी फिरतच नसेल तर चकती जाड आहे.

टाकीच्या सांध्यावर जुन्या गॅस्केटचा तुकडा राहिलेला नसावा. नवी ओ-रिंग तिच्या खाचेत, पिळलेली नको. बोल्ट आधी हाताने लावा, मग पान्याने आलटून पालटून, बसला असं वाटल्यावर पाव फेरा. हा स्वयंपाकघरातला नळ नव्हे की गळला की आवळत सुटायचं. जास्त आवळून ओ-रिंग कापली जाते आणि टाकीचे आटे जातात, आणि आटे गेले की खर्च कुठल्या कुठे जातो.

पाइप नवाच घाला. आतला व्यास कॉकच्या नळीला जुळणारा, पेट्रोलसाठीचा, दोन्ही टोकांना क्लिप. इंजिनच्या गरम भागाला टेकणार नाही आणि मध्ये पिळ बसणार नाही एवढीच लांबी. मध्ये पारदर्शक फिल्टर टाकायला हरकत नाही, पण उभा, आणि पेट्रोल खाली उतरेल असा. आडवा लावलात तर त्यात हवा अडकते आणि पेट्रोल कमी पडतं.

चाचणी

टाकी भरू नका. अर्धा लिटर ओता, लिव्हर "ऑफ", आणि खाली वर्तमानपत्र पसरा. पंधरा मिनिटं बघा. मग "रिझर्व्ह" करून कार्बोरेटर भरू द्या, पुन्हा बघा. नंतर मेनची नळी बुडेल इतकं पेट्रोल घालून "ऑन"ला तपासा. प्रत्येक वेळी सुका टिश्यू सांध्याभोवती आणि लिव्हरभोवती फिरवा, डोळ्याला न दिसणारी ओल त्याला कळते. बॅटरी जोडायची ती हे सगळं कोरडं निघाल्यावर आणि सांडलेलं पेट्रोल उडून गेल्यावर.

गाडी सुरू करून तापू द्या, कारण गरम झाल्यावर धातू पसरतो आणि काही गळत्या तेव्हाच दिसतात. दोन-चार किलोमीटर फिरवा, थंड करा, आणि रात्रभर "ऑफ"वर उघड्यावर किंवा मोकळ्या पार्किंगमध्ये उभी करा. खाली पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग नसला आणि ओव्हरफ्लोची नळी कोरडी असली तर टाकी भरा. ओव्हरफ्लोमधून "ऑन"ला पेट्रोल येतं पण "ऑफ"ला थांबतं, तर तुमचा कॉक बरा झाला आहे. राहिलेलं काम कार्बोरेटरच्या नीडलचं.

कार्बोरेटरच्या ॲक्टिव्हासारख्या स्कूटरवर आणि काही मोटरसायकलींवर व्हॅक्युमने चालणारा कॉक असतो; त्याला "ऑफ" नसतो, इंजिन फिरलं की तो आपोआप उघडतो. त्याला एक बारीक जादा नळी इंजिनच्या मॅनिफोल्डवरून येते. ती काढून बघा. तिच्यात पेट्रोल आढळलं तर आतला पडदा फाटला आहे, आणि असे बरेच कॉक उघडता येत नसल्याने तो पूर्णच बदलावा लागतो.

काढलेलं पेट्रोल स्वच्छ असेल तर जाळीच्या गाळणीतून किंवा सुती कापडातून गाळून परत टाकीत घाला. गंज, पाणी किंवा खळखळलेला कचरा असलेलं पेट्रोल गटारात किंवा मोरीत ओतू नका. वाफ पाइपातून शेजारच्यांच्या घरापर्यंत जाते. झाकण लावलेल्या डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, भाग धुवायला त्याला ते चालतं. पेट्रोलने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. उघड्यावर एकेक पसरून पूर्ण सुकू द्या आणि मगच कचऱ्यात घाला.